कॉम्प्युटरवरचे स्ट्रॅटेजी गेम्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रॅटेजी गेम नेमकं कशाला म्हणायचं? डोकं तर सगळ्याच गेम्समध्ये लागतं.

लागतं. पण शूटर गेममध्ये निर्णय अचूक घेऊनही बोट उशिरा हललं की तुम्ही मेलात. स्ट्रॅटेजीत निर्णय हाच खेळ. हाताशी साधनं थोडी, माहिती अपुरी आणि समोरचा तुमच्याइतकाच हावरा. आहे ते धान्य आज सैन्यावर खर्च करायचं की वस्ती वाढवायला वापरायचं, या एका प्रश्नाभोवती निम्मे स्ट्रॅटेजी गेम्स फिरतात. बुद्धिबळात सगळा पट डोळ्यांसमोर असतो. इथे बहुतेक वेळा नकाशाचा मोठा भाग काळोखात असतो आणि पलीकडे काय शिजतंय ते टेहळणीला माणूस पाठवल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या उत्तरांत एक आग्रह सतत डोकावेल, तो आधीच सांगून टाकतो. हरल्यावर आपण का हरलो हे ज्या गेममध्ये कळतं, तो आधी घ्या. ग्राफिक्स, रेटिंग, पुरस्कार हे सगळं त्यानंतर.

टर्न-बेस्ड आणि रिअल-टाइम यांत काय फरक? मला कुठला जमेल?

टर्न-बेस्डमध्ये तुमची खेळी होईपर्यंत जग थांबून राहतं. मध्येच फोन आला, अर्धा तास गेला, काही बिघडत नाही. रिअल-टाइममध्ये घड्याळ पळत असतं. तुम्ही विचारात गढलेले असता आणि तेवढ्यात शत्रूचे घोडेस्वार तुमच्या लाकूडतोड्यांमध्ये घुसलेले असतात. या दुसऱ्या प्रकाराचा साचा १९९२ च्या ‘ड्यून २’ने घालून दिला. पुढे १९९५ मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ आणि १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ने तो घरोघरी नेला.

मधले प्रकारही आहेत. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीच्या गेम्समध्ये काळ सलग वाहतो, पण स्पेसबार दाबला की थांबतो. ‘टोटल वॉर’मध्ये नकाशावरचं राजकारण टर्नने चालतं आणि लढाई रिअल-टाइममध्ये. ‘घाई झाली की माझं डोकं चालत नाही’ असं वाटत असेल तर टर्न-बेस्डपासून सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही.

पाटी कोरी आहे. एकच नाव सांगा.

‘इन्टू द ब्रीच’. सबसेट गेम्सचा, २०१८ चा.

८ बाय ८ घरांचा पट, तुमचे तीन यंत्रमानव, समोर जमिनीतून वर येणारे राक्षसी किडे. बहुतेक लढाया पाच-एक टर्नमध्ये संपतात. खुबी अशी की शत्रू पुढच्या खेपेला कुठे घाव घालणार हे गेम आधीच दाखवतो. नशिबाला बोल लावायला जागाच फारशी उरत नाही.

एक प्रसंग घ्या. एक किडा उजवीकडच्या इमारतीवर तोंड करून उभा आहे. तुमच्या यंत्रमानवाच्या ठोशाने त्याच्या जिवाचे दोन पॉइंट जातील, पण त्याच्याकडे तीन आहेत. म्हणजे तो मरत नाही. नवखा माणूस इथे हताश होतो. पण ठोसा बसलेला एक घर मागे ढकलला जातो. तुम्ही किड्याच्या खालच्या घरात उभं राहून ठोसा मारलात तर तो एक घर वर सरकतो, त्याचं तोंड मात्र उजवीकडेच राहतं. आता त्याच्या समोर इमारत नाही, त्याचाच भाऊबंद उभा आहे. तुमची टर्न संपते आणि पहिला किडा ठरल्याप्रमाणे घाव घालतो, तो दुसऱ्या किड्यावर. शत्रूला मारण्यापेक्षा त्याला चुकीच्या जागी उभं करणं स्वस्त पडतं, हे तुम्ही इथे अर्ध्या तासात शिकता.

गेम लहान आहे, साध्या मशीनवर चालतो. २०२२ मध्ये आलेलं मोठं अपडेट सगळ्यांना मोफत मिळालं.

हे फारच छोटं झालं. मला साम्राज्य उभं करायचंय.

मग ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर यांनी १९९१ मध्ये पहिला भाग काढला, तेव्हापासून सूत्र तेच आहे: एका वस्तीपासून सुरुवात करा आणि अवकाशयुगापर्यंत टिका. लढून जिंकता येतं, तसंच विज्ञान, संस्कृती किंवा मुत्सद्देगिरीच्या जोरावरही जिंकता येतं.

कुठला भाग घ्यावा यावर वाद घालणारे रात्र जागवतात. माझं मत असं. पहिल्यांदा खेळत असाल तर २०१० चा पाचवा भाग, ‘गॉड्स अँड किंग्ज’ आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या दोन्ही विस्तारांसकट. त्यात षटकोनी घरं आली, एका घरात एकच सैन्यतुकडी हा नियम आला, आणि पडदा वाचायला सोपा आहे. २०१६ चा सहावा भाग जास्त खोल आहे. त्यात शहर नकाशावर अक्षरशः पसरतं: विद्यापीठाचा परिसर डोंगराला खेटून बांधला तर विज्ञान जास्त मिळतं, बंदर किनाऱ्यावर लागतं, आणि चुकीच्या घरात बांधलेली वास्तू पुढे शंभर टर्न खुपत राहते. मला स्वतःला हाच जास्त आवडतो, पण नवख्याच्या अंगावर तो एकदम येतो.

२०२५ चा सातवा भाग वेगळ्याच वाटेने गेला. खेळ तीन युगांत तोडला आहे आणि दर युगाला तुमची संस्कृती बदलते. जुन्या खेळाडूंमध्ये यावरून सरळ दोन तट पडले. सुरुवात तिथून करू नका, एवढंच म्हणेन.

जाता जाता: पहिल्या भागात गणिती गडबडीमुळे गांधी अणुबॉम्ब टाकत सुटायचे, ही कथा तुम्ही ऐकली असेल. अशी गडबड त्या गेममध्ये नव्हतीच, असं खुद्द मायर यांनी २०२० मध्ये सांगितलं. कथा मात्र अजून जोरात आहे.

‘सिव्हिलायझेशन’चा एक डाव संपायला किती वेळ लागतो?

सहाव्या भागात नेहमीच्या वेगाला ५०० टर्नची मर्यादा आहे. जिंकणारा त्याआधीच जिंकतो, तरी एक डाव अनेक संध्याकाळी खातो. ‘ऑनलाइन’ नावाचा वेग निवडला तर मर्यादा २५० टर्नवर येते, आणि तो एकट्याने खेळतानाही निवडता येतो. पहिले दोन-तीन डाव लहान नकाशावर, चार खेळाडूंचे, याच वेगात खेळा. आणि शेवट दिसायला लागल्यावर कंटाळा आला तर डाव खुशाल सोडून द्या. निकाल लागलेला डाव रेटत बसायची सक्ती कुणी केलेली नाही.

हे ‘फोर-एक्स’ प्रकरण काय आहे?

शोधा, पसरा, वापरून घ्या, नामशेष करा: या चार क्रियांच्या इंग्रजी नावांतला एक्स. १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’बद्दल लिहिताना ॲलन एमरिक यांनी हा शब्द काढला आणि तो चिकटला. ‘सिव्हिलायझेशन’ या घराण्यातला थोरला. अवकाशात जायचं असेल तर ‘स्टेलारिस’, जादूच्या जगात जायचं असेल तर ‘एंडलेस लेजंड’. आणि ‘ओल्ड वर्ल्ड’कडे जरूर बघा. ‘सिव्हिलायझेशन ४’चे मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन यांचा तो २०२१ चा गेम. त्यात दर टर्नला हुकूम मोजकेच मिळतात. वीस तुकड्या असल्या म्हणून वीसही हलवता येतीलच असं नाही. सगळी सेना यंत्रवत पुढे सरकवायची सवय तिथे एका फटक्यात मोडते.

लहानपणी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलोय. आता कुठला घेऊ?

‘एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशन’. मूळ गेम १९९९ चा, ही आवृत्ती २०१९ ची, आणि तिच्यात भर पडणं अजून थांबलेलं नाही. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ विस्तारात बंगाली, द्रविड आणि गुर्जर संस्कृती आल्या, राजेंद्र चोळ आणि बाबर यांच्या मोहिमा आल्या. चौथा भाग २०२१ चा. तोही चांगला आहे, शिकायला थोडा सोपाच, पण दुसऱ्याला जी रग आहे ती त्यात मला सापडत नाही.

लहानपणी आपण सगळे जसे खेळायचो (आधी भिंती, मग मनोरे, मग तासाभराने हत्ती) तसं ऑनलाइन खेळलात तर पंधराव्या मिनिटाला गाशा गुंडाळावा लागेल. म्हणून पहिली दोन मिनिटं नीट समजून घ्या.

नेहमीच्या डावात हाती असतात तीन गावकरी, एक घोडेस्वार टेहळ्या, २०० धान्य आणि २०० लाकूड. गावकरी ५० धान्याला पडतो, तयार व्हायला २५ सेकंद लागतात. म्हणजे चार गावकरी लगेच रांगेत लावता येतात. पण टाउन सेंटरमध्ये (गावकरी जिथे तयार होतात ती मुख्य इमारत) जागा पाच माणसांची आणि चार तर आहेतच. म्हणून गावकरी रांगेत टाकताक्षणी आहेत त्यांना घर बांधायला लावायचं. घराला २५ लाकूड, त्यात पाच माणसांची सोय. तोवर टेहळ्या जवळच्या मेंढ्या शोधून आणतो. मेंढ्या टाउन सेंटरला अगदी चिकटवून कापायच्या, म्हणजे गावकऱ्यांची ये-जा वाचते. नंतर रानडुक्कर: एका गावकऱ्याने बाण मारून त्याला चिडवायचं, पळत टाउन सेंटरकडे आणायचं आणि बाकीच्यांनी मिळून पाडायचं. एका डुकरात ३४० धान्य असतं, मेंढीत १००. डुक्कर आणताना क्षणभर लक्ष उडालं तर गावकरी मेलाच समजा.

या सगळ्याचं सार एका सवयीत आहे: टाउन सेंटर रिकामं बसू द्यायचं नाही. सुरुवातीच्या दहा मिनिटांत ते एकूण दोन मिनिटं रिकामं राहिलं तर पाच-एक गावकरी कमी पडतात, आणि ती तूट पुढे कितीही शौर्य गाजवलं तरी भरून निघत नाही. गेममध्येच ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे छोटे सराव आहेत, ते आधी करा. कॅम्पेनपैकी (एकट्याने खेळायच्या, कथेत गुंफलेल्या मोहिमा) विल्यम वॉलेसची शिकाऊ माणसासाठीच आहे, तिच्यानंतर जोन ऑफ आर्कची घ्या.

माझा हात स्लो आहे. रिअल-टाइम सोडून देऊ का?

नको. ‘स्टारक्राफ्ट’चे व्यावसायिक खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त क्लिक्स करतात हे खरं, पण त्यातल्या कित्येक निव्वळ बोटं गरम ठेवण्यासाठी असतात. हौशी पातळीवर हरणारा माणूस क्लिक्समुळे हरत नाही. त्याच्याकडे ८०० सोनं पडून असतं आणि बराकी दोनच असतात, म्हणून हरतो. खर्च वेळेवर करायला शिका, वेग आपोआप येतो. कीबोर्ड शॉर्टकट सगळे पाठ करायची गरज नाही. ‘टाउन सेंटर निवड’, ‘गावकरी बनव’ आणि ‘रिकामा गावकरी शोध’ या तीन कळा बोटांत बसल्या तरी खेळ बदलतो.

आणि एकट्याने कॅम्पेन खेळणं हाही खेळच आहे. ऑनलाइन रँक नसली तर कुणी दंड करत नाही.

पॅराडॉक्सच्या गेम्सबद्दल सगळे बोलतात. मी उघडला आणि बटणं बघून बंद केला.

बहुतेकांचं असंच होतं. पहिला पडदा बघितला की सरकारी कचेरीत शिरल्यासारखं वाटतं: शंभर खिडक्या, आणि आपलं काम कुठल्या खिडकीवर ते कुणी सांगत नाही.

दार निवडणं महत्त्वाचं. ते दार म्हणजे २०२० चा ‘क्रुसेडर किंग्ज ३’. इथे तुम्ही देश नसता, एक माणूस असता. तो मेला की त्याचा वारस होऊन पुढे खेळता. ट्युटोरियल १०६६ सालच्या आयर्लंडमध्ये, मुर्काद नावाच्या छोट्या राजाच्या रूपात सुरू होतं. आसपास सगळे तुल्यबळ, त्यामुळे कुणी एका घासात गिळत नाही. गंमत माणसांच्या स्वभावात आहे. तुमचा राजा दयाळू असेल आणि तुम्ही सोयीसाठी कैद्याचं डोकं उडवलंत, तर त्याच्या मनावरचा ताण वाढतो. असे प्रसंग साचत गेले की तो दारूला लागतो किंवा कोसळतो. म्हणजे जे राज्याच्या फायद्याचं आहे तेच करताना राजा हातचा जाऊ शकतो. इतकी चांगली कोंडी दुसऱ्या कुठल्या स्ट्रॅटेजी गेममध्ये क्वचितच सापडेल.

बाकीचे कालखंडाप्रमाणे निवडा. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ १४४४ ते १८२१, व्यापार, वसाहती आणि मुत्सद्देगिरी. २०२५ मध्ये त्याचा पाचवा भाग आला, तो १३३७ पासून सुरू होतो आणि आणखीच गहन आहे. ‘व्हिक्टोरिया ३’ १८३६ ते १९३६, कारखाने आणि कायदे. लढाईच्या हौशेने घेतलात तर पस्तावाल. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ १९३६ पासूनचं महायुद्ध.

एक व्यावहारिक सूचना: पहिल्या डावात ‘जिंकणं’ हे ध्येय ठेवू नका, कारण बहुतेक पॅराडॉक्स गेम्समध्ये जिंकणं असं काही ठरलेलं नसतंच. ‘शेजारचा एक परगणा मिळवायचा’ एवढंच ठेवा. त्या नादात निम्म्या खिडक्या कळून जातात. उरलेल्या निम्म्या कळल्या नाहीत तरी राज्य चालतं.

हजारो सैनिक एकमेकांवर धावून जाताना बघायचे आहेत.

‘टोटल वॉर’. मालिका २००० साली ‘शोगुन’ने सुरू झाली. शिकण्यासाठी २०११ चा ‘शोगुन २’ अजूनही सगळ्यांत सरस, कारण सगळ्या घराण्यांकडे जवळपास एकसारखं सैन्य असतं. भालाईत घोडदळाला रोखतो, तलवारबाज भालाइताला कापतो, धनुर्धारी लांबून टिपतो. इतकं समजलं की फरक पडतो तो जागेमुळे, चढामुळे आणि बगलेवरून कुणी आधी वळसा घातला यामुळे.

मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मराठ्यांकडून खेळता येतं का? येतं. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये १७०० सालापासून मराठा संघ घेऊन खेळता येतं, मुघलांशी गाठ पडते आणि पुढे युरोपातही उतरता येतं. मोह होणारच, पण गेमचं वय जाणवतं आणि किल्ल्यांच्या वेढ्यात कॉम्प्युटरची अक्कल पार गहाण पडलेली असते. अपेक्षा बेताच्या ठेवून घ्या.

ड्रॅगन आणि राक्षस चालत असतील तर २०२२ चा ‘वॉरहॅमर ३’. वैविध्य अफाट, पण तो सुरुवातीचा गेम नव्हे.

‘एक्सकॉम’मध्ये ९५ टक्के दाखवून नेम चुकतो. गेम फसवतो ना?

नाही. परग्रहवासीयांशी छोटी तुकडी लढवायच्या या टर्न-बेस्ड गेममध्ये गणित फसवतं. ९५ टक्क्यांच्या दहा गोळ्या झाडल्या तर त्यांतली निदान एक चुकण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. आणि एका मोहिमेत दहा गोळ्या सहज होतात. चुकलेली लक्षात राहते, लागलेल्या नऊ विसरल्या जातात. ‘एक्सकॉम २’मध्ये सोप्या पातळ्यांवर गेम उलट गुपचूप तुमच्याच बाजूने झुकतो. ओळीने नेम चुकत गेले की पुढच्याची शक्यता पडद्यावर दिसते त्याहून थोडी वाढवलेली असते.

खरा धडा वेगळा आहे. ही गोळी चुकली तर काय, याचं उत्तर तयार नसेल तर ती झाडू नये. आडोसा सोडून उघड्यावर धावत जाऊन ९५ टक्क्यांची गोळी मारणारा शिपाई आणि आडोशामागून ६० टक्क्यांची मारणारा शिपाई, यांत दुसरा जास्त जगतो. आणि हातबॉम्ब विसरू नका. तो चुकत नाही, वर शत्रूचा आडोसाही उडवतो.

२०१२ चा ‘एनिमी अननोन’ आधी, मग २०१६ चा ‘एक्सकॉम २’ आणि त्याचा ‘वॉर ऑफ द चोझन’ हा विस्तार. तीनही खणखणीत आहेत.

कॉम्प्युटर चीटिंग करतो का?

बऱ्याचदा, आणि उघडपणे. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये ‘प्रिन्स’ पातळीवर दोन्ही बाजू समान असतात. त्यावर जसजसं जाल तसा कॉम्प्युटरला आगाऊ माल मिळत जातो. सर्वांत वरच्या ‘डेइटी’ पातळीवर तुम्ही एक वसाहतकरी घेऊन सुरू करता, तो तीन घेऊन. म्हणजे तो हुशार होत नाही, श्रीमंत होतो. त्याला हरवायचं तर शर्यत लावून उपयोग नाही. त्याच्या चुका धरायच्या: तो एकाला दोन युद्धं अंगावर घेतो, शहरं उघडी टाकतो.

‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या १९९९ च्या आवृत्तीत सर्वांत अवघड कॉम्प्युटरला फुकटचा माल मिळायचा. नव्या आवृत्तीतल्याला तसा माल मिळत नाही, तरीही तो जुन्याला सहज लोळवतो. आता मनासारखा प्रतिस्पर्धी हवा असेल तर तो तिथे आहे.

लॅपटॉप साधा आहे, आणि पैसेही खर्च करायचे नाहीत.

या प्रांतात गरिबी फारशी अडवत नाही.

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ २००३ पासून मोफत आणि मुक्तस्रोत आहे. षटकोनी घरं, टर्न-बेस्ड, आणि दिवस-रात्रीचा सुंदर नियम: काही सैन्यं उजेडात २५ टक्के जोरात लढतात, काही काळोखात. त्यामुळे हल्ला कुठे यापेक्षा कधी करायचा हे ठरवावं लागतं. संध्याकाळ व्हायला आली की तुमच्या माणसांनी टेकडीवर माघार घ्यायची आणि पहाटे खाली उतरायचं. चित्रं साधी, डोकं मात्र पुरतं गुंततं.

रिअल-टाइम हवं असेल तर ‘झिरो ए.डी.’, त्यात मौर्यही आहेत. जुना ‘रेड अलर्ट’ आठवत असेल तर ‘ओपनआरए’. रेल्वे आणि ट्रकचं जाळं उभारायचं असेल तर ‘ओपनटीटीडी’. ‘स्टारक्राफ्ट २’ २०१७ पासून मोफत आहे आणि त्याची पहिली, भलीमोठी कॅम्पेनही त्यात येते, फक्त मशीन जरा बरं लागतं.

पैसे थोडे काढणार असाल तर १९९९ चा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. घेताना ‘कम्प्लीट’ आवृत्तीच घ्या. २०१५ ची ‘एचडी एडिशन’ दिसायला चकचकीत, पण तिच्यात दोन्ही विस्तार नाहीत.

मशीनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. स्ट्रॅटेजी गेम्स ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त खातात, आणि तेही शेवटी. पहिल्या दहा टर्न लोण्यासारख्या गेल्या म्हणून फसू नका. दोनशेव्या टर्नला कॉम्प्युटर खेळाडूंचा विचार संपेपर्यंत तुम्हाला ताटकळावं लागतं. उपाय सोपा: नकाशा लहान, खेळाडू कमी.

मित्रांबरोबर खेळायला?

एकमेकांशी लढून मैत्री पणाला लावण्यापेक्षा एका बाजूला बसून कॉम्प्युटरला झोडपा. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ त्यासाठी उत्तम, ‘स्टारक्राफ्ट २’चे को-ऑप मिशनही. एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने खेळायचं तर ‘हीरोज ३’ किंवा ‘वेसनॉथ’. ‘सिव्हिलायझेशन’ चौघांनी खेळायचा बेत आखलात तर सगळ्यांच्या टर्न एकाच वेळी चालू ठेवा आणि वेळेची मर्यादा लावा. नाहीतर एक जण विचार करतो आणि तिघं मोबाइल बघत बसतात.

लढाई नकोच. तरी स्ट्रॅटेजी मिळेल?

मिळेल, आणि कधीकधी जास्त चांगली. ‘फॅक्टोरिओ’त कारखाना उभारायचा, शत्रू आहेत, पण ते बंद करता येतात. त्याचा डेमो मोफत आहे. तो खेळून झोप उडाली तर समजा गेम तुमचा. ‘अॅनो १८००’मध्ये बेटांवर माल फिरवत शहर वाढवायचं. २०१८ च्या ‘फ्रॉस्टपंक’मध्ये गोठलेल्या जगात एकच वस्ती जगवायची असते आणि कोळसा संपत आला की मुलांना कामाला जुंपण्याचा कायदा समोर येतो. तुम्ही तो मंजूर करता की नाही, ते खेळून बघा. ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’ दर एक-दोन तासांनी नवी वस्ती देतो, त्यामुळे शहर-बांधणीतला शेवटचा कंटाळा त्यात येतच नाही. अगदीच छोटं काही हवं असेल तर ‘मिनी मेट्रो’: स्टेशनं वाढत जातात, रुळ अपुरे पडतात, गर्दी तुंबली की खेळ खलास.

हरायला लागलो की जुनी सेव्ह लोड करतो. चालतं?

घरचा कारभार आहे, कुणाला जाब द्यायचाय? फक्त दर चुकलेल्या गोळीला लोड करू नका. मोहीम पूर्ण हातची गेली तर सुरुवातीची सेव्ह उघडा आणि वेगळी योजना करा. पहिल्या प्रकारात तुम्ही फासे बदलता, दुसऱ्यात डाव. ‘एक्सकॉम’मधला ‘आयर्नमॅन’ एकच सेव्ह ठेवतो. तो दुसऱ्या फेरीसाठी राखा.

डीएलसीचा (मूळ गेमवर वेगळे विकत घ्यायचे जोड) डोंगर दिसतोय. सगळ्या घ्याव्या लागतात का?

नाही. मूळ गेम घ्या, वीसेक तास खेळा, मग कुठे अडल्यासारखं वाटतं ते बघा. नियम बदलणारे मोठे विस्तार घेण्याजोगे असतात. नव्या टोप्या आणि नव्या झेंड्यांचे छोटे पॅक सोडून द्या. पॅराडॉक्सचे गेम्स वर्षानुवर्षं वाढत राहतात, तिथे तर सवलतीची वाट पाहण्यातच शहाणपण आहे.

घेतला आणि नाही आवडला तर?

स्टीमवर (गेम्स विकणारं ऑनलाइन दुकान) खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. अडचण अशी की स्ट्रॅटेजी गेममध्ये दोन तास ट्युटोरियललाच जातात. म्हणून ते दोन तास हिशेबाने वापरा: अक्षरं तुमच्या पडद्यावर वाचता येतात का, मोठा नकाशा चालतो का, हे आधी तपासा. आणि गेम पॉजवर टाकून उठू नका. तो उघडा आहे तोवर स्टीमचं घड्याळ चालूच असतं.

कंट्रोलरने खेळता येईल?

‘इन्टू द ब्रीच’ आणि ‘एक्सकॉम’ ठीक चालतात. पॅराडॉक्स आणि ‘टोटल वॉर’ला माऊसच हवा, आणि तोही चाक असलेला, टचपॅडवर नकाशा झूम करता करता मनगट दुखून येतं.